हुकूमनामा मिळाला, पुढे काय?

कोर्टात दावा जिंकला की माणूस गावात पेढे वाटतो. त्याला वाटते, आता पैसे घरी आलेच. पण तसे नसते.

दिवाणी कोर्टाने निकाल दिला की हुकूमनामा तयार होतो. कोणी कोणाला काय द्यायचे, ते त्यात लिहिलेले असते. देणेकऱ्याने आपण होऊन दिले, तर ठीकच. नाही दिले, तर कोर्ट आपण होऊन त्याच्या दारी जात नाही. आपल्याला तशी मागणी करावी लागते. या मागणीच्या अर्जाला दरखास्त म्हणतात. निकाल देणाऱ्या कोर्टातच ती द्यायची. पैशाच्या किंवा ताब्याच्या हुकूमनाम्याला १२ वर्षांची मुदत आहे. हुकूमनामा पेटीत ठेवून मुदत घालवली, की जिंकलेला दावाही हातचा गेला म्हणून समजा.

दरखास्तीनंतर कोर्ट काय करते? ताबा द्यायचा असेल, तर बेलिफ जागेवर जाऊन ताबा देतो. पैसे वसूल करायचे असतील, तर कोर्ट मालमत्ता जप्त करते आणि तिचा लिलाव पुकारते.

कोणी म्हणेल, "एवढी यातायात कशाला? चार माणसे नेऊ आणि त्याचे बैल सोडून आणू!" असे कधी करू नका. तसे केलेत, तर फिर्यादी तुम्ही होतात आणि आरोपीही तुम्हीच ठरता. वसुली करायची ती कोर्टानेच. कारण कोर्ट दोन्ही घरांचा विचार करते.

१९०८ च्या दिवाणी कायद्यात काही वस्तूंना जप्तीपासून सूट आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बायकोचे मंगळसूत्र जप्त होत नाही. कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. शेतकऱ्याची अवजारे, पोटापुरती लागणारी जनावरे, बियाणे आणि राहते घर यांनाही सूट आहे. मात्र घर गहाण टाकले असेल, तर गोष्ट वेगळी. जमिनीलाही अशी सरसकट सूट नाही. बेलिफाला सूर्य मावळल्यावर राहत्या घरात शिरता येत नाही.

देणेकऱ्याला तुरुंगात टाकता येते का? जवळ पैसे असून जो मुद्दाम देत नाही, त्याला जास्तीत जास्त ३ महिने ठेवता येते. पण तुरुंगात राहून आला म्हणून देणे फिटत नाही. बाईमाणसाला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक होत नाही. केवळ गरिबीमुळे देणे फिटत नाही, म्हणून कोणाला तुरुंगात टाकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले आहे.

आता देणेकऱ्यासाठी दोन शब्द. हुकूमनाम्याचे पैसे बाजारात, पारावर हातोहात देऊ नका. कोर्टात भरा आणि पावती घ्या. बाहेर दिलेच, तर लेखी घ्या आणि ३० दिवसांच्या आत अर्ज करून कोर्टात नोंद करवा. नोंद नसलेली फेड बजावणीच्या वेळी कोर्ट धरत नाही. मग तेच पैसे पुन्हा भरायची पाळी येते. अपील केले, एवढ्यानेही बजावणी थांबत नाही. त्यासाठी वेगळा स्थगितीचा हुकूम लागतो.

म्हणून मंडळी, घेणाऱ्याने मुदत सांभाळावी आणि देणाऱ्याने पावती सांभाळावी. आता तुम्हांला वाचता येते. कोर्टाचा कागद हाती आला, तर अंगठा उठवण्याआधी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.