विसरभोळेपणा आणि मेंदूतली वीजघरे

आपल्या मंडळात साठी ओलांडलेले सभासद पुष्कळ आहेत. "वय झालं, विसरायला होणारच," असे आपण सहज म्हणतो. पण मेंदूत नेमके काय घडते? आम्ही डॉक्टर नव्हे, आयुष्य बँकेत गेले. तेव्हा जे वाचून समजले ते हिशेबाच्या भाषेत सांगतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जेचा खर्च जवळजवळ २० टक्के! ही ऊर्जा पेशींतील मायटोकाँड्रिया ही सूक्ष्म वीजघरे तयार करतात. चेतापेशींचे तंतू लांब असल्याने ही वीजघरे सूक्ष्म नलिकांच्या रुळांवरून गरजेच्या जागी न्यावी लागतात. हे रूळ स्थिर ठेवण्याचे काम टाऊ नावाचे प्रथिन करते.

वयाबरोबर काही वीजघरे थकतात. ऊर्जा कमी मिळते, पेशीला अपाय करणारे घटक वाढतात आणि निकामी वीजघरांची सफाईही मंदावते. दुसरीकडे, टाऊला प्रमाणाबाहेर फॉस्फेट चिकटले की ते रुळांपासून सुटते व त्याचे गुंते होतात. मग वाहतूक अडते, ऊर्जा आणखी घटते आणि टाऊ अधिकच बिघडते. थकलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढावे, तसे हे चक्र.

असे गुंते जर्मन डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका रुग्णाच्या मेंदूत दाखवले. या आजारात अमायलॉइड हे दुसरे प्रथिनही पेशींबाहेर साचते. गुंते बहुधा स्मरणाशी निगडित भागात आधी होतात. म्हणून लहानपणचे सगळे आठवते, पण सकाळचे बोलणे आठवत नाही.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे. राजवाड्याहून घरी येण्याची रोजची वाट चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे वेगळे. असे दिसल्यास घरच्यांनी चिडू नये, डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत.

रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवणे, रोज चालणे, कमी ऐकू येत असल्यास यंत्र लावणे, हे आपल्या हातात आहे. एकटेपणाही मेंदूला घातक ठरतो. तेव्हा जे सभासद अलीकडे कार्यक्रमांना येईनासे झाले आहेत, त्यांना आपण सर्वांनी आवर्जून फोन करावा, ही विनंती.