ऋतूने ठरविलेला बाजार : विवळवेढ्याची महालक्ष्मी यात्रा आणि सामींचा हिवाळी बाजार

प्रस्तावना :
पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या यात्रेचे वर्णन बहुधा धार्मिक उत्सव म्हणून केले जाते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. चैत्र पौर्णिमेस सुरू होऊन सुमारे पंधरा दिवस चालणारी ही यात्रा वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी आदी समाजांचा मोठा बाजारही आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार उत्तर युरोपातील सामी या आदिवासी समाजाच्या बाजाराशी ताडून केला आहे.

काळाची निवड :
स्वीडनमधील जोक्मोक हे गाव आर्क्टिक वृत्ताच्या किंचित उत्तरेस आहे. तेथील बाजार फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी सुरू होतो. तापमान शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरू शकते, अशा वेळी बाजार का, असा प्रश्न आपल्याकडील वाचकास पडेल. उत्तर साधे आहे. रेनडिअर पाळणारे सामी उन्हाळ्यात डोंगरांत विखुरलेले असत आणि हिवाळ्यात कळपांसह खालच्या अरण्यांत उतरत. नद्या व सरोवरे गोठली की त्यांवरून घसरगाड्या सहज ओढता येत. आपल्याकडे पावसाळ्यात वाट बंद होते. तेथे बर्फ पडल्यावर वाट उघडते.

विवळवेढ्याचा चैत्रही असाच हिशोबाने आलेला आहे. भाताची कापणी आटोपली की येथील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीस जातात. होळीस गावी परतताना हाती थोडा पैसा असतो आणि पावसाळा दोन-अडीच महिन्यांवर असतो. आगोटची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करण्यास याहून सोयीचा काळ नाही. सुकी मासळी, मिरची, मसाले, कांदे, विळे-कोयते, मडकी ही यात्रेतील खरी खरेदी होय. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर वाळलेले बोंबील जंगलपट्टीतील घरी पोहोचतात आणि चार महिने भाताबरोबर पुरतात. जूनपासून मासेमारी बंद असते, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. समुद्र आणि डोंगर यांची ही देवाणघेवाण देवीच्या नावाने होते, एवढेच.

सत्ता आणि बाजार :
जोक्मोकचा बाजार १६०५ पासून भरतो. सामी तेथे पूर्वीही एकत्र येत असत. परंतु स्वीडनचा राजा नववा कार्ल याने बाजाराची जागा व काळ नेमून दिला, तो कर वसूल करता यावा आणि चर्चचा अंमल बसावा म्हणून. विखुरलेल्या लोकांकडून कर घेणे कठीण. एकत्र जमलेल्यांकडून सोपे. विवळवेढ्यास सत्तेची खूण वेगळी आहे. डोंगरावर चढविला जाणारा ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा मानला जातो. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. ध्वजाची प्रथा राहिली. तो रात्री चढवितो वाघाडी गावचा आदिवासी पुजारी. देवीच्या पूजेचा मान असा आदिवासींकडेच आहे.

विक्रेता कोण?
येथे मात्र तुलना अवघड होते. जोक्मोकला सामी आज विक्रेतेही आहेत. शिंगे, कातडे व लाकूड यांपासून केलेली त्यांची हस्तकला, जिला ते दुओजी म्हणतात, ते स्वतः मांडून विकतात. विवळवेढ्यास ध्वज आदिवासीचा. दुकाने बहुतांशी इतरांची. टोपल्या व सुपे विकणाऱ्या स्त्रिया दिसतात, पण रस्त्याच्या कडेला, पथारीवर. वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी यात्रेत त्या कलेपेक्षा आकाशपाळण्यांसच अधिक जागा मिळते, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे.

दुसरा बदल बोईसर-तारापूरकडून आला आहे. औद्योगिक वसाहतीत रोजंदारी करणाऱ्या तरुणाच्या घरी बाजारहाट आठवड्याला होते. वर्षाची बेगमी करण्याची निकड त्यास उरत नाही. बोईसरहून चिल्हार फाटामार्गे यात्रेस येणारी ही मंडळी कपडे, खेळणी घेतात. आगोटचा हिशोब आईकडे असतो. यात्रेत बोंबलांच्या ढिगापाशी घासाघीस करताना दिसतात त्या बहुतेक वयस्क स्त्रियाच. पावसात पाठ झाकण्यासाठी बांबू व पानांची इरली पूर्वी विणली जात. आता त्यांच्या जागी प्लास्टिकचा कागद मीटरवर मापून मिळतो आणि तोही त्याच पिशवीत, बोंबलांच्या वर, घडी करून ठेवला जातो.