डेटाबेस-व्यवहारासाठी ओआरएम साधनाची निवड

ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात माहिती कोष्टकांतील ओळींच्या रूपाने नांदते. आजच्या बहुतेक आज्ञावल्या मात्र तिच्याकडे परस्परांशी जोडलेल्या ऑब्जेक्टांच्या रूपाने पाहतात. या दोन रूपांमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या साधनांस ओआरएम ही संज्ञा आहे. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. जावामधील हायबरनेट (२००१) व डॉटनेटमधील एन्टिटी फ्रेमवर्क (२००८) ही परिपूर्ण साधने होत. स्टॅक ओव्हरफ्लो येथे निर्माण होऊन २०११ मध्ये खुले झालेले डॅपर हे हलके साधन होय.

या दोहोंतील भेद सामान्यतः वेगाच्या भाषेत सांगितला जातो. परंतु त्याचे मूळ स्मरणात आहे. हलके साधन प्रोग्रामरने लिहिलेली एसक्यूएल क्वेरी जशीच्या तशी पाठविते, आलेल्या ओळींतून ऑब्जेक्ट भरून देते आणि पुढे त्यांची दखल घेत नाही. परिपूर्ण साधन वाचलेल्या ऑब्जेक्टांची मूळ मूल्ये जपते, बदल ताडून पाहते व तदनुरूप आज्ञा स्वतःच रचते. या स्मरणास काल आणि स्मृतिजागा या दोहोंचे मूल्य द्यावे लागते.

उदाहरणार्थ, परीक्षा विभागास १०० विद्यार्थ्यांची गुणयादी हवी आहे असे समजू. परिपूर्ण साधनात गुण मागाहून आणण्याची सवलत निष्काळजीपणे वापरल्यास यादीची १ आणि गुणांच्या १००, अशा १०१ क्वेरी घडतात. योग्य सूचना देऊन हा दोष टाळता येतो, हे खरे. तथापि हलक्या साधनात एकच जॉइन प्रोग्रामरच्या डोळ्यांसमोर असते.

आता दुसरी बाजू पाहू. दोन लिपिकांनी एकाच विद्यार्थ्याची नोंद उघडली. पहिल्याने ५२ गुणांचे ५७ केले. दुसऱ्याने जुन्याच नोंदीत केवळ आसनक्रमांक सुधारून संपूर्ण ओळ परत लिहिली. पहिली दुरुस्ती निमूटपणे नष्ट झाली! परिपूर्ण साधनास आवृत्तिदर्शक स्तंभ सांगितलेला असून नोंद वाचतेवेळची आवृत्ती परत आली असेल, तर अशा वेळी ते त्रुटी उठविते. हलक्या साधनात ती अट प्रत्येक अपडेटमध्ये लिहून, किती ओळी बदलल्या हेही स्वतःच तपासावे लागते.

यावरून असे दिसते की, अहवाल व याद्यांसाठी हलके साधन आणि नियमबद्ध फेरफारांसाठी परिपूर्ण साधन अधिक उचित ठरते. एकाच आज्ञावलीत दोन्ही नांदू शकतात. मात्र त्यांच्या सांध्यावर दक्षता हवी. हलक्या साधनाने केलेला बदल परिपूर्ण साधनाच्या स्मरणात आपोआप पोहोचत नाही, आणि त्या स्मरणातील न पाठविलेला बदल हलक्या साधनास दिसत नाही. म्हणून दोहोंस एकच ट्रॅन्झॅक्शन द्यावे, प्रलंबित बदल आधी पाठवावेत व बदललेल्या ओळी पुन्हा वाचाव्यात.

तात्पर्य, साधन निवडताना ते किती जलद आहे या प्रश्नाआधी, बदलांचे स्मरण कोणी ठेवावयाचे, या प्रश्नाचे उत्तर निश्चित केले पाहिजे.