डेटाबेस निवडताना : अवजड की सुटसुटीत?

बँकेत भरलेला हप्ता, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल, किराणा दुकानातील उधारी, अशा प्रत्येक गोष्टीची नोंद आज कोठल्या तरी डेटाबेसमध्ये होत असते. एकेकाळी रोजकीर्द आणि खतावणी जे काम करीत, तेच आता हे सॉफ्टवेअर करते. फरक इतकाच की, वही कोणत्याही दुकानातून आणली तरी चालत असे. डेटाबेसची निवड चुकली, तर मात्र तिची किंमत अनेक वर्षे मोजावी लागते. पतसंस्था, दवाखाने, शिक्षणसंस्था, लहान कारखाने अशा ठिकाणी ही निवड बहुधा दोनच प्रकारे होते. एक तर 'मोठ्या बँका वापरतात तेच आपणही घ्यावे' असे म्हटले जाते, नाही तर 'फुकट मिळते ते घ्यावे' असे. या दोन्ही विचारांत आपली गरज काय, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

मूळ एकच

अवजड असो वा सुटसुटीत, या सर्व प्रणालींचा पूर्वज एकच आहे. आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात ठेवावी, तक्त्यांमधील परस्परसंबंध त्यांतील मूल्यांवरूनच जुळवावेत आणि माहिती डिस्कवर नेमकी कोठे आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये, असा त्याचा आशय होता. याच विचारातून 'रिलेशनल' डेटाबेस जन्माला आले. त्यांच्याशी संवाद साधण्याची एसक्यूएल ही भाषाही आयबीएममध्येच घडली. १९७९ मध्ये ओरॅकलचे पहिले व्यापारी उत्पादन बाजारात आले, १९८३ मध्ये आयबीएमचे डीबी-२ आणि १९८९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एसक्यूएल सर्व्हर आले. पुढे १९९५ मध्ये स्वीडनमध्ये मायएसक्यूएल तयार झाले, १९९६ मध्ये बर्कले विद्यापीठातील संशोधनातून वाढलेल्या प्रणालीला पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळाले आणि २००० मध्ये एसक्यूलाइट अवतरले.

या सर्वांकडून एक किमान अपेक्षा असते. एका खात्यातून ५ हजार रुपये वजा होऊन दुसऱ्या खात्यात जमा व्हायचे असतील, तर दोन्ही नोंदी झाल्या पाहिजेत, नाही तर एकही होता कामा नये. मध्येच वीज गेली तरी हा नियम मोडू नये. त्यासाठी बहुतेक प्रणाली झालेला बदल आधी एका वेगळ्या नोंदपुस्तकात लिहितात आणि मग मूळ तक्त्यात उतरवतात. रोजकीर्द आधी, खतावणी नंतर, ही मुनीमजींची जुनी शिस्तच येथे पाळली जाते. ही शिस्त फक्त महागड्या सॉफ्टवेअरमध्ये असते, हा समज खरा नाही. जेमतेम काही शे किलोबाइट आकाराचे एसक्यूलाइटही ती काटेकोरपणे पाळते.

युद्धनौकेवरचा धडा

एसक्यूलाइटच्या जन्माची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या 'ऑस्कर ऑस्टिन' या विनाशिकेसाठीच्या एका सॉफ्टवेअरवर कंत्राटाने काम करीत होते. जहाजाला हानी पोहोचून नळ फुटले, तर कोणत्या झडपा बंद करायच्या आणि कोणत्या उघडायच्या, हे ठरवण्यास ते सॉफ्टवेअर मदत करणार होते. त्याची माहिती इन्फॉर्मिक्स या नामांकित, मोठ्या डेटाबेसमध्ये ठेवलेली होती. इन्फॉर्मिक्स चालू असे तोवर सारे उत्तम चाले. परंतु त्याचा सर्व्हर बंद पडला की, हिप यांच्या सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणीच मिळत नसे आणि तेही निरुपयोगी ठरे. संकटाच्या वेळी ज्याचा उपयोग व्हायचा, तेच संकटात हात वर करणार, अशी ही अवस्था होती.

हिप यांनी विचार केला की, या कामाला इतक्या अवजड सर्व्हरची गरजच काय? माहिती थेट डिस्कवरच्या फाइलमधून का वाचू नये? त्यातून सर्व्हरविना चालणारा डेटाबेस तयार झाला. वेगळी यंत्रणा नाही, पासवर्ड नाही, देखभालीसाठी माणूस नाही. संपूर्ण डेटाबेस म्हणजे केवळ एक फाइल. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये तो आहे. व्हॉट्सअॅपचे संदेश फोनवर साठवले जातात ते त्याच्याच फाइलमध्ये. त्याच्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, तो सार्वजनिक मालकीचा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंचांच्या दीर्घकालीन जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत त्याचा समावेश केला आहे.

सुटसुटीतपणाची सीमा

मग सर्वांनीच एसक्यूलाइट का वापरू नये? कारण त्याची एक स्पष्ट मर्यादा आहे. एका डेटाबेसमधून एकाच वेळी कितीही जण वाचू शकतात, पण एका क्षणी लिहू शकतो तो एकच. एका दवाखान्याच्या स्वागतकक्षात एकाच संगणकावर नोंदी होत असतील, तर ही अडचण जाणवणारही नाही. परंतु शंभर खिडक्यांवर एकाच वेळी तिकिटे विकली जात असतील, तर रांग लागणार. शिवाय ती फाइल कार्यालयातील नेटवर्कवर सामायिक ठेवून अनेक संगणकांवरून उघडणे धोक्याचे असते. नेटवर्कवरील फाइलींना कुलूप लावण्याची यंत्रणा अनेकदा भरवशाची नसते आणि फाइल खराब होण्याची भीती राहते. अनेक कार्यालयांत वर्षानुवर्षे चालत आलेल्या मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसचीही अशीच गोष्ट आहे. त्याच्या फाइलला २ गिगाबाइटची कमाल मर्यादा आहे आणि वापरणारे वाढू लागले की त्याचा वेग मंदावतो.

मोठ्या प्रणालींचे सामर्थ्य दिसते ते येथे. त्या संपूर्ण फाइलला नव्हे, तर तक्त्यातील एका ओळीला कुलूप लावू शकतात. त्यामुळे शेकडो जण एकाच वेळी वेगवेगळ्या ओळींवर लिहू शकतात. कोणाला काय पाहता येईल, काय बदलता येईल, हे ठरवून देता येते. कोणी कधी कोणता बदल केला, याची नोंद लेखापरीक्षकाला दाखवता येते. दुसऱ्या शहरात माहितीची जिवंत प्रत ठेवता येते. २६ जुलै २००५ सारखा पाऊस मुंबईत पुन्हा कोसळला, तरी बँकेचे व्यवहार दुसरीकडून चालू ठेवता येणे ही चैन नव्हे, गरज आहे.

किमतीचा हिशेब

या सामर्थ्याचे मोल मात्र मोठे आहे. ओरॅकलच्या 'एंटरप्राइझ' आवृत्तीची जाहीर किंमत अनेक वर्षे दर प्रोसेसरमागे ४७ हजार ५०० डॉलर अशी राहिली आहे आणि त्यावर वार्षिक पाठबळासाठी २२ टक्के आकारले जातात. इंटेलच्या चिपमधील दोन कोअर मिळून एक प्रोसेसर धरला जातो. म्हणजे १६ कोअरच्या एकाच सर्व्हरसाठी ३ लाख ८० हजार डॉलर आणि पुढे दरवर्षी ८३ हजार ६०० डॉलर असा हिशेब होतो. प्रत्यक्षात सवलती मिळतात, हे खरे. पण अनेक सर्व्हर एकत्र चालवण्याची सोय, मोठे तक्ते विभागून ठेवण्याची सोय यांसाठी वेगळे पैसे पडतात. कंपन्या मोफत आवृत्त्याही देतात, पण त्यांना कुंपण असते. एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत 'एक्स्प्रेस'मध्ये २०२२ च्या आवृत्तीपर्यंत प्रत्येक डेटाबेसला १० गिगाबाइटची मर्यादा होती, तर ओरॅकलच्या २१-सी 'एक्सई'मध्ये ती १२ गिगाबाइट आहे. कुंपण ओलांडण्याची वेळ आली की, पुढची पायरी एकदम उंच असते.

याखेरीज एक छुपा खर्च असतो. प्रत्येक कंपनीने एसक्यूएलमध्ये स्वतःची भर घातली आहे. संस्थेचे सारे नियम त्या खास बोलीत लिहिले गेले की, दुसरीकडे जाणे म्हणजे जवळजवळ सर्व काही नव्याने लिहिणे. पुढच्या करारात घासाघीस करण्याची ताकद तेथेच संपते.

मधला मार्ग

सुदैवाने ही निवड आता केवळ दोन टोकांमधली राहिलेली नाही. एकेकाळी मायएसक्यूएलवर 'वेगवान, पण भरवशाचे नाही' असा शिक्का होता आणि तो निराधार नव्हता. त्याची मूळची साठवण यंत्रणा व्यवहार अर्धवट राहिल्यास तो मागे घेऊ शकत नसे. २०१० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून ही क्षमता असलेली इनोडीबी ही यंत्रणा मुळातच दिली जाऊ लागली. त्याच वर्षी सन कंपनी विकत घेतल्याने मायएसक्यूएल ओरॅकलच्याच मालकीचे झाले. मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याआधीच मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा सुरू केली होती.

पोस्टग्रेसक्यूएल तर कोणत्याच एका कंपनीच्या मालकीचे नाही. ओळीनिहाय कुलुपे, दूरस्थ प्रती, अधिकारांची वाटणी हे सारे त्यात परवान्याच्या शुल्काविना मिळते. त्याला व्यावसायिक पाठबळ देणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे एक मोठे केंद्र पुण्यात आहे. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. अर्थात परवाना फुकट म्हणजे सारेच फुकट नव्हे. जाणकार माणसाचा पगार, सर्व्हर आणि देखभाल यांचा खर्च उरतोच.

कोणते प्रश्न विचारावेत?

निवड करण्यापूर्वी विक्रेत्याचे माहितीपत्रक बाजूला ठेवून काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. एकाच वेळी किती जण नोंदी करणार? येथे एकूण ग्राहक किती, याला महत्त्व नाही. दिवसाला चार-पाच लाख विनंत्या हाताळणारे एसक्यूलाइटचे स्वतःचे संकेतस्थळ एसक्यूलाइटवरच चालते, कारण त्यात लिहिणे थोडे आणि वाचणे अधिक आहे. दुसरा प्रश्न, काम किती वेळ बंद राहिलेले चालेल? ग्रंथालयाला अर्धा दिवस चालेल, रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला दहा मिनिटेही चालणार नाहीत. तिसरा प्रश्न, देखभाल कोण करणार? सांभाळणारे कोणी नसेल, तर अवजड डेटाबेस हेच जोखमीचे कारण ठरते. आणि चौथा प्रश्न, उद्या बदलायचे ठरले तर माहिती बाहेर कशी काढणार?

या उत्तरांतून वाट बरीचशी स्पष्ट होते. एका संगणकावरचे किंवा मोबाइलवरचे काम असेल, तर एसक्यूलाइट पुरेसे आहे. काही शाखा आणि काही डझन कर्मचारी असतील, तर पोस्टग्रेसक्यूएल किंवा मायएसक्यूएल योग्य ठरते. घेतलेले तयार सॉफ्टवेअर ओरॅकलवरच चालत असेल किंवा क्षणभराचा खंडही परवडणारा नसून त्यासाठी एका कंपनीची लेखी जबाबदारी हवी असेल, तर तो खर्च समर्थनीय ठरतो.

एक सावधगिरी मात्र सर्वांना सारखीच लागू आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसली. राखीव प्रती घेण्याच्या अनेक पद्धती ठरलेल्या होत्या, पण ऐन वेळी त्या निकामी निघाल्या. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली, मात्र मधल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. डेटाबेस होता पोस्टग्रेसक्यूएल, आणि दोष त्याचा नव्हता. राखीव प्रतीतून माहिती खरोखर परत मिळते का, हे अधूनमधून करून पाहणे हे काम कोणतेही सॉफ्टवेअर, कितीही महाग असले, तरी आपण होऊन करीत नाही. डेटाबेस कोणताही निवडला, तरी ते काम संस्थेतील एका माणसाच्या नावावर लिहून ठेवलेले असले पाहिजे.