ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह करावा का? केला तर तो सुरक्षित कसा ठेवायचा?

नवीन वेबसाइटवर लॉगिन केलं की क्रोम लगेच विचारतो, पासवर्ड सेव्ह करायचा का? काही जण न वाचताच हो करतात. काही जण घाबरून नाही म्हणतात आणि मग लक्षात राहावा म्हणून सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात. माझं मत विचाराल तर स्वतःच्या फोनवर पासवर्ड जरूर सेव्ह करा. फक्त या तिजोरीची किल्ली कोणाकोणाकडे आहे, ते आधी बघा.

सेव्ह करण्याचा फायदा काय?

एखाद्या साइटवरून ईमेल आणि पासवर्ड चोरीला गेले की चोर तीच जोडी इतर साइटवरही लावून बघतात. प्रत्येक साइटचा पासवर्ड वेगळा असेल तर नुकसान एकाच खात्यापुरतं राहतं. पण वीस-पंचवीस वेगळे पासवर्ड पाठ कोण करणार? ते काम ब्राउझर करतो.

दुसरा फायदा फारसा कोणाला माहीत नसतो. पासवर्ड भरण्याआधी ब्राउझर साइटचा पत्ता तपासतो. हुबेहूब दिसणारी खोटी साइट असली तरी तिचा पत्ता वेगळा असतो, त्यामुळे तिथे पासवर्ड आपोआप भरला जात नाही. नेहमी भरला जाणारा पासवर्ड अचानक भरला गेला नाही, तर स्वतः टाइप करण्याआधी पत्ता नीट वाचा.

सेव्ह केलेले पासवर्ड कसे बघायचे?

१. क्रोम उघडा आणि कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर टॅप करा.
२. सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल पासवर्ड मॅनेजर निवडा.
३. साइटच्या नावावर टॅप करा. फोन तुमचं फिंगरप्रिंट किंवा पिन मागेल.
४. इथून पासवर्ड बघता, बदलता किंवा डिलीट करता येतो.

इथेच चेकअप नावाचा पर्याय आहे. कोणता पासवर्ड लीक झालाय, कोणता अनेक ठिकाणी वापरलाय आणि कोणता कमकुवत आहे, हे तो सांगतो.

मग धोका कुठे आहे?

तिसरी पायरी परत वाचा. फोनचा पिन ज्याला माहीत आहे, तो तुमचे सगळे पासवर्ड बघू शकतो. गेम खेळायला लहान भावाला सांगितलेला पिन, रूममेटला माहीत असलेला पॅटर्न, म्हणजे तिजोरीच्या जादा किल्ल्याच झाल्या.

दुसरी जागा म्हणजे कॉलेजची लॅब किंवा सायबर कॅफे. तिथल्या क्रोममध्ये गूगल अकाउंट जोडून सिंक चालू केलं, तर तुमचे पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरही पोहोचतात. अशा ठिकाणी मी गेस्ट विंडो वापरतो. ती बंद केली की हिस्ट्री आणि कुकीज पुसल्या जातात.

एवढं आजच करा

- पिन इतरांना माहीत असेल तर बदला. १२३४ किंवा जन्मसाल ठेवू नका.
- गूगल अकाउंटचा पासवर्ड लांब आणि एकदम वेगळा ठेवा. हा एक मात्र पाठ हवा.
- टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. गूगल १० बॅकअप कोड देतो, ते कागदावर लिहून घरी ठेवा. फोन हरवला तर तेच कामी येतात.
- पासवर्डची एक्सपोर्ट केलेली फाइल फोनमध्ये पडू देऊ नका. ती साध्या मजकुरात असते, कोणीही उघडून वाचू शकतं.
- नेट बँकिंगचा पासवर्ड मी स्वतः ब्राउझरमध्ये ठेवत नाही. यूपीआय पिन तर नोट्समध्येही लिहू नका.

सुरुवात चेकअपपासून करा. लाल खूण दिसली तर आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीच्या खात्यांचं 'फरगॉट पासवर्ड' तिथेच येतं. आणि घरी आई-बाबांच्या फोनला लॉक आहे का, तेही बघून घ्या!