रियाधची ती रात्र

११ एप्रिल २०२२. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटी या फुटबॉल क्लबसमोर इराकचा एअर फोर्स क्लब. ५९व्या मिनिटाला हम्मादी अहमदने इराकी संघाला आघाडी दिली. मग मुंबईच्या दिएगो मौरिसियोची पेनल्टी, बरोबरी. आणि ७५व्या मिनिटाला कॉर्नरवर उंच उडी घेऊन हेडर मारला तो राहुल भेके याने. आपल्या मुंबईचा पोरगा! २-१. या स्पर्धेत सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब.

त्याआधीच्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) हंगामात संघ पाचवा, बाद फेरीबाहेर. पण प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या या संघाची खरी ओळख रियाधमध्येच पटली. सौदीच्या अल शबाबकडून तो ०-६ हरला, तरी गटात दुसरा आला. पुढच्या हंगामात, २०२२-२३मध्ये, सलग १८ सामने अपराजित राहून मुंबईने आयएसएलच्या साखळी फेरीत अव्वल येणाऱ्या संघाला मिळणारी लीग शील्ड जिंकली.