डॉक्टरांनी तिला विचारलं होतं!

लेक दहा वर्षांची असताना तिला मधुमेह झाला. टाइप वन. म्हणजे शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, ते आयुष्यभर टोचून घ्यावं लागतं. आधी खूप रडले, मग पदर खोचला. सुई मी टोचायची, शुगर मी तपासायची, वहीत आकडे मी लिहायचे. बार्शीहून सोलापूरला बालरोगतज्ज्ञांकडे जायचं, तर फाइल माझ्याच पिशवीत.

ती आठवीत असतानाची गोष्ट. डॉक्टरांनी तिला विचारलं, "रात्रीचं इन्शुलिन किती युनिट घेतेस?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पटकन म्हटलं, "सोळा."

डॉक्टर हसले. "ताई, मी तिला विचारलं. अठरानंतर ती मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाणार. तिथं सगळं तिलाच सांगावं लागेल. आता दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा."

बाकावर बसले खरी, पण राग आला होता. माझ्या पोरीचं माझ्यापेक्षा कुणाला जास्त कळणार?

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, "आई, मी शाळेत दुपारचं इंजेक्शन घेतच नाही." मला धस्सच झालं. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी दर वेळी वाढलेली यायची आणि मी तिच्या खाण्यावर बोट ठेवायचे. पण मीच तर बजावलं होतं, 'कुणाला सांगू नकोस, मुलीची जात, उद्या लग्नाचं बघायचंय.' शाळेच्या संडासात लपून सुई टोचायचा तिला कंटाळा आला होता. चूक तिची नव्हती, माझी होती.

त्या दिवसापासून आम्ही दोघींनी कामं वाटून घेतली. एकदम नाही, हळूहळू. नववीत सुई आणि वही तिच्याकडे. वर्गातल्या दोन मैत्रिणींना आणि बाईंना तिनं स्वतः सांगितलं. दहावीत स्ट्रिप किती उरल्या हे बघणं आणि औषधांच्या दुकानात जाणं तिच्याकडे. इन्शुलिन फ्रिजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, हे आता तीच मला सांगते! शुगर ७०च्या खाली गेली, घाम आला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. ताप-उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, तरी मनानं इन्शुलिन बंद करायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन करायचा. वर्षातून एकदा डोळे, लघवी आणि पायांची तपासणी. हे सगळं तिला तोंडपाठ झालं.

अकरावीपासून डॉक्टरांकडे आधी ती एकटी आत जायची, मग मी. बारावीनंतर पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी आजाराची सगळी माहिती एका कागदावर लिहून दिली. आजार कधीपासून, डोस किती, शेवटचे रिपोर्ट. नव्या डॉक्टरांना ती भेटून आली, तोवर जुन्या डॉक्टरांचा हात सोडला नव्हता.

वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात रात्री दोन वाजता तिची शुगर उतरली. खोलीतल्या मैत्रिणीनं साखर-पाणी दिलं. मला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. "रात्रीच का नाही गं फोन केलास?" मी ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "आई, तू बार्शीहून काय करणार होतीस? तिला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगून ठेवलं होतं."

मैत्रिणींनो, मधुमेह असो, दमा असो, फिट्स असोत की थॅलेसेमिया, घरात असं मूल असेल तर अठराव्या वाढदिवसाची वाट पाहू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांनी त्याला काही विचारलं, तर तुम्ही फक्त गप्प बसून बघा.

फार अवघड असतं हं ते. परवा सुट्टीत लेक आली, तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, "आता तब्येत कशी आहे गं?" आणि उत्तर मीच दिलं!